बर्फातली झावळी

१८५४ साली लंडनच्या रस्त्यांवरून एक झाड गाडीत बसून गेलं. गाडीला ३२ घोडे जुंपले होते. झाड म्हणजे पंख्यासारख्या पानांचा एक भलामोठा पाम. निघाला होता हॅकनीहून, आणि जायचं होतं थेम्सच्या पलीकडे सिडनहॅमला, नव्याने उभ्या राहिलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये. राजाच्या मिरवणुकीला हत्ती लागतात, तसे या पामाला घोडे.

हॅकनीत लॉडिजेस कुटुंबाची रोपवाटिका होती, आणि तिच्यात पामसाठी बांधलेलं एक उंच काचघर. ते वाफेवर गरम ठेवलं जायचं. जगभरातून आलेले पाम तिथे लंडनच्या धुक्यात, धुरात आणि बर्फात हिरवेगार उभे असत. रोपवाटिका बंद पडायची वेळ आली, तेव्हा जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेससाठी तिथली झाडं घेतली. म्हणून ही मिरवणूक.

मी रेवदंड्याच्या वाडीत वाढलो. नारळ, पोफळी, मधूनमधून शिंदी, लांब डोंगराकडे भेर्लीमाड. आमच्याकडे माड ‘जगवायचा’ म्हणजे पाणी द्यायचं, मीठ घालायचं आणि भुंग्यावर लक्ष ठेवायचं. त्याला ऊब द्यावी लागते ही कल्पनाच विनोदी. त्यामुळे युरोपात गेल्या चारशे-साडेचारशे वर्षांत लोकांनी पाम जगवण्यासाठी काय काय केलं हे वाचायला लागलो, तेव्हा आधी हसू आलं. मग हळूहळू ते कमी झालं.

पाम थंडीत का मरतो, हे आधी समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच आहे.

आंब्याची फांदी तोडली तर दुसरीकडून फुटवा येतो. माडाला ती सोय नाही. त्याच्याकडे वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्यात, कोवळ्या पानांच्या आत दडलेला. शेंडा गेला की माड गेला, हे वाडीतल्या पोरालाही माहीत असतं. दुसरं म्हणजे साग-आंब्यासारखं दरवर्षी सालीखाली नवं लाकूड माड धरत नाही. खोडात पाणी वाहणाऱ्या ज्या नळ्या एकदा तयार झाल्या, त्यांच्यावरच पुढचं आयुष्य काढायचं. तिसरं, तो पानं गाळून झोपी जात नाही. ओक हिवाळ्यात बोडका होतो आणि वसंताची वाट बघतो. पाम बाराही महिने पानं घेऊन उभा. त्या एका कोंबात पाणी गोठलं, पेशी फुटल्या, की संपलं. आणि गंमत अशी की पाम मेलाय हे लगेच कळतही नाही. वरची पानं काही आठवडे हिरवी असतात, आत कोंब सडलेला असतो.

म्हणजे थंड देशात पाम लावायचा तर दोनच वाटा. एक, पामभोवती उन्हाळा बांधायचा. दोन, असा पाम शोधायचा ज्याने थंडी आधीच पाहिलेली आहे.

पहिली वाट श्रीमंतांची. इटलीतल्या पादुआच्या वनस्पती उद्यानात १५८५ साली लावलेला एक भूमध्य पाम आजही जिवंत आहे. त्याच्यासाठी अष्टकोनी काचघर बांधलेलं आहे. जर्मन कवी गटेने १७८६ साली तो पाहिला. खालची पानं साधी आणि अखंड, वर जावं तशी चिरत जाऊन पंखा झालेली. एकाच झाडावर पानाची ही सगळी वाटचाल बघून त्याच्या डोक्यातली ‘सगळे अवयव म्हणजे पानाचीच रूपं’ ही कल्पना पक्की झाली, आणि १७९० मध्ये त्याने वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तक काढलं. झाडाला आता गटेचा पाम म्हणतात. त्याला दोन शतकं आधी लावणाऱ्या माळ्याचं नाव झाडाला नाही, अर्थात.

इंग्रजांनी हीच गोष्ट लोखंड आणि कोळसा घालून मोठी केली. लंडनजवळच्या क्यू उद्यानातलं पाम हाऊस १८४४ ते १८४८ या काळात उभं राहिलं. आराखडा डेसिमस बर्टनचा, लोखंडाचं काम डब्लिनच्या रिचर्ड टर्नरचं. लांबी सुमारे ११० मीटर. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढला, त्यामुळे काच स्वस्त झाली आणि काचघरांचं पेवच फुटलं. पाम हाऊस बाहेरून म्हणजे साबणाचा फुगा, इतकं हलकं. त्याचं पोट मात्र जमिनीखाली होतं. तळघरात बॉयलर, बॉयलरपर्यंत कोळसा नेणारा बोगदा, त्यात रूळ. धूरसुद्धा बोगद्यातूनच लांब नेऊन एका देखण्या मनोऱ्यातून सोडायचा, म्हणजे बागेत फिरणाऱ्यांना चिमणी दिसायला नको. बर्फाच्या रात्री कुणीतरी खाली कोळसा ओढत असायचं, म्हणून वर झावळ्या हलत नसल्या तरी हिरव्या असायच्या.

मला हे पाम हाऊस अतिशय सुंदर वाटतं, आणि ते बघताना थोडं गुदमरायलाही होतं. जिथे जिथे पाम उगवतो, त्यातल्या बऱ्याच जागा तेव्हा युरोपातल्या कुणा ना कुणाच्या ताब्यात होत्या. काचेखालचा पाम हे विज्ञान होतंच. पण ‘बघा, आमच्याकडे काय काय आहे’ हेही होतं. नकाशावर लाल रंग देण्याचाच हा हिरवा प्रकार.

दुसरी वाट सापडली तीही साम्राज्याच्याच रस्त्यावर, पण सापडली शेतकऱ्याच्या बांधावर.

रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश माळी. १८४३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला चीनला पाठवलं. आदल्याच वर्षी पहिलं अफूचं युद्ध संपून नानकिंगचा तह झाला होता. (हे युद्ध ज्या अफूवरून झालं, तिचा मोठा हिस्सा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जात होता. आपण या गोष्टीत अगदीच बाहेरचे नाही.) चीनच्या किनाऱ्याजवळचं चुसान बेट, म्हणजे आजचं झोउशान, तेव्हा ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होतं. तिथे फॉर्च्युनने डोंगरउतारांवर आणि शेतांच्या कडेला एक पाम पाहिला. बारीक खोड, पंख्यासारखी पानं, आणि खोडाभोवती तपकिरी धाग्यांचं जाड कांबळं गुंडाळल्यासारखं.

हा पाम शोभेचा नव्हता, कामाचा होता. त्या धाग्यांचे दोर वळले जात, झाडू होत आणि पावसात शेतात जाणाऱ्यांसाठी अंगरखे आणि टोप्या विणल्या जात. आपल्याकडे भात लावणाऱ्या बायका डोक्यापासून पाठीपर्यंत इरलं घेतात, त्याचाच चिनी भाऊ. फॉर्च्युनला या रेनकोटचं फार कौतुक वाटलं. पण त्याहून महत्त्वाचं त्याच्या लक्षात आलं ते असं, की इथे हिवाळ्यात बर्फ पडतं आणि हे झाड त्यात उभं राहतं.

न्याय्य बोलायचं तर हा पाम युरोपात त्याच्या आधी पोचला होता. जपानमधल्या देजिमा बेटावर डच वखारीत डॉक्टर असलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्डने १८३० साली तो आणला होता. पण उघड्यावर लावून बघायची हिंमत फॉर्च्युनने सुचवली. १८४९ मध्ये त्याने चीनहून क्यूला रोपं पाठवली आणि त्यातलं एक वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये, राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या बागेत, द्यायला सांगितलं. काच नाही, बॉयलर नाही. झाडं जगली. आज त्याचं शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय. मुरलेलं झाड उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी थोडा वेळ सोसतं.

ज्या काळात फॉर्च्युन ही रोपं पाठवत होता, तेव्हा त्याची नोकरी बदललेली होती. १८४८ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करत होता. डोकं भादरून, शेंडी लावून, चिनी कपडे घालून तो चहाच्या मुलखात शिरला, आणि काचेच्या बंद पेट्यांतून चहाची हजारो रोपं हिमालयात पाठवली. कंपनीचे चहाचे मळे होते गढवाल आणि कुमाऊंमध्ये.

आणि इथे ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. कारण त्याच कुमाऊंमध्ये, पिथोरागढजवळच्या थल केदारच्या डोंगरावर, ओक वृक्षांच्या सावलीत, या चिनी पामाचा सख्खा भाऊ उभा होता. सुमारे २४०० मीटर उंचीपर्यंत. हिवाळ्यात त्याच्यावरही बर्फ पडतं. एडवर्ड मॅडन नावाच्या बंगाल तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने १८४०च्या दशकात या कुमाऊंच्या पामबद्दल लिहून ठेवलं होतं. पण तो वेगळा आहे हे इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीने सांगितलं, तेव्हा १९०५ साल उजाडलं होतं. नाव ठेवलं ट्रॅकिकार्पस तकील. तिथल्या लोकांनीही याच्या धाग्यांचे दोर वळले आणि त्यासाठी झाडं इतकी तोडली, की मूळ जागेत तो आता फार थोडा उरलाय. ‘पाम म्हणजे समुद्रकिनारा’ ही आमची कोकणी समजूत त्याने मोडीत काढली.

उघड्यावर पाम टिकतो म्हटल्यावर तो काचेतून बाहेर आला आणि त्याचा अर्थच बदलला. आता तो सुट्टीची जाहिरात झाला. १८६४ मध्ये नीसला रेल्वे पोचली. इंग्लंड-रशियातले पैसेवाले आणि क्षयाचे रोगी हिवाळा काढायला भूमध्य समुद्रावर येऊ लागले. त्यांना ‘इथे थंडी नाही’ हे स्टेशनातून बाहेर पडताक्षणी सांगायचं तर पामइतकी सोपी पाटी दुसरी नाही. त्याच दशकात तिथे कॅनरी बेटांवरचा जाडजूड पाम लावायला सुरुवात झाली, आणि बघता बघता सगळी किनारपट्टी त्याने भरून गेली. आज जो नीसचा ‘पारंपरिक’ चेहरा वाटतो, तो एवढाच जुना आहे. इंग्लंडच्या टॉर्की गावात तर याहून मजा. तिथले प्रसिद्ध ‘टॉर्बे पाम’ हे पामच नाहीत. ते न्यूझीलंडचं कॉर्डिलाइन नावाचं झाड आहे. दिसायला पामसारखं आहे ना, मग झालं.

कॅनरी पामवर पुढे संकट आलं ते थंडीचं नव्हे. लवकर शोभा हवी म्हणून पूर्ण वाढलेली झाडं मुळासकट आयात करायची पद्धत पडली. १९९०च्या दशकात तशाच आयात झाडांमधून स्पेनमध्ये एक लालसर, लांब सोंडेचा भुंगा आला. मग इटली, फ्रान्स. अळी शेंडा आतून पोखरते आणि एक दिवस अख्खा माथा उलट्या छत्रीसारखा खाली कलंडतो. फोटो बघताच मी ओळखला. हा आमचा सोंड्या भुंगा. कोकणात माडाच्या खोडाला कान लावून आत अळी कुरतडतेय का हे ऐकणारी माणसं आहेत. रिव्हिएरावर आता त्याच कामासाठी सेन्सर आहेत.

चुसानचा पाम मात्र उत्तरेकडे सरकत राहिला. युरोपातले हौशी माळी त्याला दक्षिणेकडच्या भिंतीच्या उबेला लावतात, कडाक्याच्या रात्री पानांची मोळी बांधतात, शेंड्यात पाणी जाऊन गोठू नये म्हणून पेंढा कोंबतात, वर कापड गुंडाळून ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा सोडतात. एका कोंबासाठी.

आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याला या कशाचीच गरज उरली नाही. देशाच्या दक्षिणेला तिचिनो नावाचा इटालियन बोलणारा प्रांत आहे. झुरिककडचा माणूस गॉटहार्डच्या बोगद्यातून पलीकडे उतरला की त्याला तळ्याकाठी पाम दिसतात. जर्मनमध्ये याला ‘तिचिनोचा पाम’ असंच नाव पडलं. पोस्टकार्डांवर तोच. मग त्याच्या निळसर फळांच्या बिया पक्ष्यांनी रानात नेल्या. पूर्वी ही रोपं हिवाळ्यात मरायची. हिवाळे सौम्य झाले, तशी ती टिकू लागली. २००७ मध्ये गियान-रेटो वाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पसरण्याचा संबंध थेट तापमानवाढीशी दाखवला. काही रानांत आता चेस्टनटच्या खाली पामची दाट हिरवी गर्दी आहे, आणि तिच्या सावलीत तिथल्या झाडांची रोपं वर येत नाहीत.

१ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये हे झाड विकायला, भेट द्यायला किंवा बाहेरून आणायला बंदी आहे. मला ही बंदी पटते. रान रानासारखं राहायला हवं. पण ज्याला बोलावून आणलं, पोस्टकार्डावर छापलं, आपलं नाव दिलं, त्याला ‘आक्रमक परका’ म्हणताना तापमान कुणी वाढवलं हे वाक्य त्याच दमात यावं, एवढंच. अंगणात आधीपासून असलेली झाडं ठेवायला परवानगी आहे. मालकांना सांगतात, की फळं पिकायच्या आत फुलोरा कापून टाका. म्हणून तिचिनोत आता लोक शिडी लावून पोय कापतात. आमच्याकडे भंडारी कापतो तशीच, फक्त खाली माडीचं मडकं नसतं.