गोष्ट आपली, कॅमेराही आपला

आइसलँडची गोष्ट पडद्यावर यायची, पण ती सांगणारा बहुधा परका असायचा. आइसलँडचे कादंबरीकार हाल्दोर लाक्सनेस यांच्या ‘साल्का वाल्का’ या कादंबरीवर १९५४ साली चित्रपट निघाला, तो स्वीडनच्या आर्ने मात्सोनने केला. कॅमेरा स्वेन निक्विस्टचा, आणि आइसलँडचे कोळी त्यात स्वीडिश बोलतात. १९६२ साली इंद्रिदी थोरस्टाइन्सोन यांच्या कादंबरीतला राजधानी रेक्याविकचा टॅक्सीवाला पडद्यावर आला. या वेळी नट आणि भाषा तिथलीच होती, दिग्दर्शक एरिक बालिंग मात्र डॅनिश. त्याआधी, १९४९ मध्ये, लोफ्तुर गुड्मुंडसोन नावाच्या फोटोग्राफरने स्वतःच्या हिमतीवर रंगीत बोलपट काढून दाखवला होता. पण एकट्यादुकट्याच्या जिद्दीवर परंपरा उभी राहत नाही.

ती उभी राहिली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. १९६६ साली सुरू झालेल्या सरकारी दूरदर्शनने तोवर तंत्रज्ञांचा हात बसवला होता. देशात फिल्म स्कूल नव्हतं, त्यामुळे पोरं बाहेर शिकून आली: आउगुस्त गुड्मुंडसोन इंग्लंडहून, ह्राप्न गुन्लाउग्सोन स्टॉकहोमहून. (तिथे बहुतेकांना आडनाव नसतं, वडिलांचं नाव लागतं, म्हणून मोठ्या माणसालाही सगळे पहिल्या नावानेच हाक मारतात. आपणही तसंच करू.) १९७८ साली संसदेने चित्रपट निधीचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी पहिली अनुदानं वाटली गेली.

त्यातल्या एका अनुदानावर आउगुस्तने ‘लांद ओग सिनिर’, म्हणजे ‘जमीन आणि मुलगे’, हा चित्रपट केला. कादंबरी पुन्हा इंद्रिदींचीच. काळ १९३० च्या दशकातल्या मंदीचा. उत्तरेकडच्या खोऱ्यातला म्हातारा शेतकरी मरतो, मागे कर्ज ठेवतो, आणि मुलगा मेंढरं विकून शहराची वाट धरतो. तिथे मेंढरं उन्हाळाभर डोंगरावर मोकळी सोडतात. सप्टेंबरात गावकरी घोड्यांवरून जाऊन ती खाली हाकत आणतात, गोल कोंडवाड्यात घालतात, आणि कानाची खूण बघून ज्याची त्याला वाटून देतात. हे दृश्य बघणाऱ्या रेक्याविककरांपैकी कितीतरी जण, नाहीतर त्यांचे आईवडील, अशाच शेतावरून उठून शहरात आले होते. आपल्या बापाचं घर सुटलं ते नेमकं कसं, हे त्यांनी आपल्याच भाषेत पडद्यावर पाहिलं. जानेवारी १९८० मध्ये चित्रपट लागला आणि थिएटरं भरून वाहिली. त्याच वर्षी ह्राप्नचा ‘ओदाल फेद्रान्ना’ आला, आन्द्रेस इंद्रिदासोनचा मुलांसाठीचा ‘वेइदिफेर्दिन’ आला. त्या दिवसांना तिथे आजही ‘चित्रपटांचा वसंत’ म्हणतात.

या वसंताचं श्रेय मी निधीइतकंच प्रेक्षकांनाही देईन. अनुदानात खर्चाचा थोडाच भाग भागायचा. बाकीच्यासाठी दिग्दर्शक राहती घरं गहाण टाकायचे आणि ती सोडवायची तिकिटांच्या पैशांतून. तेव्हाच्या सव्वादोन लाखांच्या देशात अगदी सगळे आले तरी गल्ल्याला मर्यादा असणारच. पुढे नवलाई ओसरली, घरोघरी व्हिडिओ आला, आणि चित्रपट पडला की घरावर गदा यायची.

फ्रिद्रिक थोर फ्रिद्रिक्सोन हा दिग्दर्शक मात्र वेगळ्याच मुशीतला. कुठल्या शाळेत न जाता फिल्म सोसायटीत सिनेमे बघून आणि दाखवून तो घडला. न्यालच्या प्रसिद्ध गाथेवर त्याने लघुपट केला, तो असा: पडद्यावर त्या ग्रंथाची पानं उलटत राहतात, आणि न्यालचं घर पेटवल्याचा प्रसंग आला की पुस्तकच पेटतं. ‘ह्रिंगुरिन’साठी त्याने मोटारीवर कॅमेरा बसवला आणि देशाला वळसा घालणारा सबंध रस्ता ठराविक अंतरावर एकेक फ्रेम घेत टिपला. मला हे चाळे वाटत नाहीत. साधन तुटपुंजं असताना त्याचं शेवटचं टोक कुठवर जातं, हे तो बघत होता.

१९८७ मध्ये त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि १९९१ मध्ये ‘बोर्न नाट्टुरुन्नार’ केला. वृद्धाश्रमात भेटलेले एक म्हातारा आणि एक म्हातारी जीप पळवून, ओस पडलेल्या आपल्या मूळ मुलखाकडे निघतात, एवढीच त्याची कथा. ऑस्करच्या अंतिम पाचांत पोचलेला तो आइसलँडचा पहिला चित्रपट. त्यात जर्मनी आणि नॉर्वेचा पैसा होता, आणि तिकिटबारीच्या कोंडीतून सुटायची वाट तीच ठरली. दोन वर्षं आधी लाक्सनेस यांची मुलगी गुद्नी हिनेही वडिलांच्या कादंबरीवरचा चित्रपट असाच जर्मन मदतीने पुरा केला होता.

आज हे कोणाला परावलंबन वाटेल. मला तसं वाटत नाही. पैसा कुठूनही येवो, पटकथा कोणत्या भाषेत लिहायची, कॅमेरा कोणत्या खोऱ्यात लावायचा आणि मेंढरामागे कोणाला धाडायचं, हे आता रेक्याविकमध्ये ठरतं. २०१५ साली कान महोत्सवाच्या ‘अं सर्तेन रगार’ विभागात पहिला आलेला ग्रीमुर हाकोनार्सोनचा ‘ह्रूतार’ हीही डेन्मार्कच्या साथीने केलेली निर्मिती. चाळीस वर्षं एकमेकांशी न बोललेल्या दोन मेंढपाळ भावांची ती गोष्ट अख्खी आइसलँडिकमध्ये आहे.