बेड कधी रिकामा करायचा? विमा कंपन्यांच्या नजरेची जुनी गोष्ट

"डॉक्टर, अजून दोन दिवस राहू द्या ना बाबांना, इन्शुरन्स आहेच की!" राउंडला हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. डिस्चार्जच्या दिवशी तेच नातेवाईक टीपीएच्या प्रश्नाने वैतागलेले असतात: "ॲडमिट करायची गरजच काय होती?" हा प्रश्न आला कुठून, ते बघूया.

1929 साली अमेरिकेत डॅलसच्या बेलर हॉस्पिटलने शाळाशिक्षकांसाठी योजना काढली. महिना 50 सेंट भरायचे आणि वर्षाला 21 दिवस हॉस्पिटलमध्ये उपचार मिळवायचे. ब्ल्यू क्रॉस विम्याची सुरुवात इथली. पुढे विमा पसरला, आणि मिल्टन रोमर या संशोधकाच्या लक्षात आले की जिथे खाटा जास्त, तिथे लोक ॲडमिटही जास्त होतात. खाट तयार झाली की ती भरतेच!

1965 साली वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला. त्यात प्रत्येक हॉस्पिटलला मुक्कामाची छाननी करणारी समिती सक्तीची केली. पण समितीत डॉक्टर त्याच हॉस्पिटलचे, आणि हॉस्पिटलला पैसे मिळायचे झालेल्या खर्चाप्रमाणे. म्हणजे घरचाच परीक्षक. अशाने काय कमी होणार? 1972 साली परिसरातल्या डॉक्टरांच्या संस्थांकडे हे काम दिले.

मला सगळ्यात आवडते ती 1981 सालची निकषांची यादी. तिच्यात आजाराचे नाव विचारलेलेच नव्हते. आज शिरेतून औषध चालू आहे का, शस्त्रक्रिया झाली का, नाडी-रक्तदाब वारंवार बघावा लागतोय का, एवढेच. यातले काहीच नसेल तर तो दिवस अनावश्यक. या फुटपट्टीने माझ्याच वॉर्डातले कितीतरी दिवस बाद होतील. शनिवारी राहिलेल्या सोनोग्राफीसाठी रुग्ण सोमवारपर्यंत पडून असतो, हे तुम्हीही पाहिले असेल. त्यात डेंग्यूच्या साथीत खरी गरज असलेला माणूस खाटेसाठी कॅज्युअल्टीत ताटकळतो.

ऑक्टोबर 1983 मध्ये मेडिकेअरने हिशोबच उलटा केला. येल विद्यापीठातल्या फेटर आणि थॉम्पसन यांच्या वर्गीकरणानुसार आजारगटाला ठरावीक रक्कम. रुग्ण चार दिवस राहो की दहा, पैसे साधारण तेवढेच. मुक्काम झपाट्याने घटला. पण 1990 साली रँड संस्थेच्या अभ्यासात दिसले की मृत्यू वाढले नसले तरी प्रकृती पुरती स्थिर न होताच घरी जाणारे रुग्ण वाढले होते. बाळंतिणींना तर खासगी विमा कंपन्या एका दिवसात घरी धाडू लागल्या. शेवटी 1996 साली कायदा करावा लागला: नैसर्गिक प्रसूतीनंतर निदान 48 तास आणि सिझेरियननंतर 96 तासांचा मुक्काम विम्याने नाकारायचा नाही.

आपल्याकडे मेडिक्लेम 1986 साली आला. किमान 24 तास ॲडमिट असण्याच्या अटीमुळे इथे निराळेच झाले. नुसत्या तपासण्यांसाठीही लोक खाट मागू लागले. म्हणून आता पॉलिसीत 'केवळ तपासणीसाठी भरती' वगळलेली असते. तुमची पॉलिसी काढून बघा.

आणि ॲडमिट असाल तर रोज राउंडला डॉक्टरांना विचारा, "आज इथे असे काय होणार आहे, जे घरी होऊ शकत नाही?" उत्तर केसपेपरवर लिहायला सांगा. क्लेम नाकारला गेला तर तोच कागद उपयोगी पडतो. आणि उत्तरच मिळाले नाही, तर डिस्चार्ज कधी, ते विचारा.