सन सिटी : उतारवयात वसवलेले गाव

श्रोतेहो, भाताचे रोप एका वाफ्यातून काढून दुसरीकडे लावता येते, हे आपणां शेतकऱ्यांना सांगायला नको. पण वाढलेले झाड उपटून दुसऱ्या जागी लावायचे म्हटले, तर जाणता माणूस मान हलवतो. म्हाताऱ्या माणसांविषयीही बहुतेक सगळ्या जगात हाच समज होता. साठी उलटली, आता कुठे नव्या गावी जायचे? जिथे हयात गेली तिथेच डोळे मिटायचे. हा समज मोठ्या प्रमाणावर कसाला लागला तो अमेरिकेत, अ‍ॅरिझोना नावाच्या वाळवंटी राज्यात. त्या गावाचे नाव सन सिटी, म्हणजे सूर्याची नगरी. त्याचीच हकीकत आज ऐकू या.

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, आणि जानेवारी १९४० पासून निवृत्त कामगारांना दरमहा निर्वाहवेतन मिळू लागले. कारखान्यातला कामगार असो की दुकानातला कारकून, पासष्टीनंतर त्याच्या हाती चार पैसे नियमाने पडू लागले. औषधोपचार सुधारले, आयुष्य वाढले. मुले नोकरीधंद्यासाठी दूरदूर पांगली. म्हणजे पाहा, हातात थोडा पैसा, अंगात थोडी ताकद आणि घरात मात्र शांतता! असा एक मोठा वर्ग तयार झाला. या रिकाम्या वर्षांचे करायचे काय, हा प्रश्न पूर्वी एवढ्या लोकांपुढे कधी उभाच राहिला नव्हता.

फिनिक्स शहराच्या वायव्येला बेन श्लायफर या गृहस्थाने १९५४ साली यंगटाउन नावाची वसाहत केवळ वयस्कर लोकांसाठी सुरू केली. तिच्या शेजारीच मॅरिनेट नावाची एक वाडी होती आणि भोवताली कापसाची शेते होती. डेल वेब या बांधकाम ठेकेदाराची नजर त्या जमिनीवर गेली. हा माणूस सुतारकामापासून वर आलेला. वृद्धांच्या प्रश्नांचे जाणकार त्याला सांगत होते, बाबा रे, म्हातारी माणसे मुलानातवंडांना सोडून अशी येणार नाहीत. पण वेबने एक युक्ती केली. विक्री सुरू करण्यापूर्वी त्याने दुकाने, करमणुकीचे केंद्र, पोहण्याचा तलाव आणि गोल्फचे मैदान बांधायला घेतले. इथे पुढे अमुक होणार आहे असे सांगण्यापेक्षा, हे पाहा, झालेच आहे, असे दाखवण्यावर त्याचा भर होता.

१ जानेवारी १९६० या दिवशी पाच नमुन्याची घरे लोकांना पाहायला खुली केली. दहा हजार माणसे येतील असा अंदाज होता. तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे आली, मोटारींची रांग लागली आणि २३७ घरे विकली गेली. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वेबचे चित्र झळकले.

आता आपण म्हणाल, घर विकत घेणे निराळे आणि त्यात रुजणे निराळे. अगदी बरोबर. आलेल्यांपैकी पुष्कळजण उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतले होते. हिवाळ्यातले कोवळे ऊन त्यांना सुखाचे वाटले. पण उन्हाळ्यात तिथे पारा चाळिसाच्या वर जातो. अंगणात हिरवळ पाहायची जन्माची सवय आणि इथे हिरवळीला पाणी पुरवायचे कठीण. तेव्हा कित्येकांनी अंगणात खडी पसरली आणि तिला चक्क हिरवा रंग दिला! हसू येते खरे, पण त्या हिरव्या खडीत मागे राहिलेल्या गावाची आठवण होती, हे विसरू नये.

त्यांना खरा आधार मिळाला तो कामाचा. इथे कुणीच जुना रहिवासी नव्हता. सगळेच नवे, म्हणून ओळख करून घ्यायला कुणाला संकोच नव्हता. मातीची भांडी घडवणे, दगडांना पैलू पाडणे, शिवणकाम, पत्ते, नाच अशी मंडळे निघाली. आज त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. १९७० साली गावाचे रुग्णालय उघडले आणि रहिवासीच तिथे स्वयंसेवक म्हणून राबू लागले. या गावाला आजही नगरपालिका नाही. रस्त्याकडेचा कचरा उचलणे, रात्री गस्त घालणे ही कामे निवृत्त माणसेच विनामूल्य करतात. कालपर्यंत ज्याला ‘आता तुम्ही बसून राहा’ असे घरात सांगत होते, तो इथे कुणाच्या तरी उपयोगी पडू लागला. तो या मातीत रुजला तो अशा कामामुळे.

पण शिक्षक बंधुभगिनींनो, या हकीकतीला दुसरी बाजूही आहे आणि ती तुमच्याशी संबंधित आहे. या वसाहतीत मुलांना कायमचे राहण्याची परवानगी नव्हती. शेजारच्या पिओरिया शाळा-विभागात मात्र मुले वाढत होती आणि नव्या वर्गखोल्या हव्या होत्या. तिकडे शाळेसाठी कर्ज उभारायचे तर मतदारांची संमती लागते. सन सिटीचे मतदार पुष्कळ, आणि त्यांनी असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा फेटाळले. त्यांचे म्हणणे असे : आम्ही आमच्या गावी आयुष्यभर शाळेचा कर भरला, आता ठरावीक वेतनात आणखी किती भरायचा? हे अगदीच चूक म्हणता येत नाही. पण त्यांच्या लहानपणी त्यांच्या शाळा कुणाच्या करातून चालल्या होत्या, हाही प्रश्न उरतोच. अखेर १९७४ साली सन सिटी त्या शाळा-विभागातून वेगळी काढण्यात आली. भांडण मिटले, पण म्हातारे आणि मुले यांच्यामध्ये कागदावर एक रेघ ओढली गेली. शिवाय इथे आलेले बहुतेक सगळे गोरे आणि बऱ्या स्थितीतले होते. गरीब म्हाताऱ्यांना या सूर्यनगरीचे दार उघडे नव्हते.

आज सन सिटीची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास आहे आणि तिच्या धर्तीवर देशोदेशी वसाहती झाल्या आहेत. आपल्याकडेही पुण्यासारख्या शहरांच्या आसपास ज्येष्ठांसाठी खास घरे बांधली गेली आहेत. आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ साली आपल्या देशात झाला. पण कायद्याने पोटाला मिळेल. नव्या जागी मन रमण्याची सोय कायदा कुठून करणार?

आपल्या गावातही असे कुणी असेल. मुलाच्या नोकरीमुळे गाव सोडून आलेली आजी, किंवा मुलीकडे राहायला आलेले आजोबा. त्यांना कुणी ओळखत नाही, ओट्यावर बसून ते रस्त्याकडे पाहत असतात. त्यांच्यासाठी निराळी नगरी वसवण्याची गरज नाही. शाळेत एखाद्या शनिवारी त्यांना बोलवा. त्यांच्या भागातली पेरणी, जत्रा, जात्यावरचे दळण यांविषयी मुलांना सांगायला लावा. ग्रंथालयाची पुस्तके लावायला, शाळेच्या बागेला पाणी घालायला त्यांची मदत मागा. सन सिटीत माणसे कामामुळे रुजली, पण मुलांपासून दुरावली. आपल्या गावात काम आणि मुले दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. तेव्हा येत्या शनिवारीच सुरुवात करून पाहा.