जुन्या स्पोर्ट्स कारमधील ‘चेक इंजिन’ दिव्याचे निदान

मोटारीच्या डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळसर दिवा लागला म्हणजे इंजिन निकामी झाले, असे नव्हे. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला एखाद्या सेन्सरकडून अपेक्षित संकेत मिळाला नाही आणि त्याने त्या घटनेची नोंद सांकेतिक क्रमांकाच्या रूपात करून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ असतो. तेलाचा दाब किंवा पाण्याचे तापमान दाखवणारे दिवे व काटे याहून वेगळे आहेत. त्यांनी धोका दाखवल्यास गाडी तत्काळ थांबवावी लागते. चेक इंजिनच्या दिव्याबाबत बहुधा विचार करण्याइतका वेळ मिळतो. मात्र तीस वर्षांच्या स्पोर्ट्स कारमध्ये हा वेळ नीट वापरला नाही, तर मालक एकामागून एक महागडे भाग बदलत जातो आणि दिवा तसाच लागलेला राहतो.

जपानी बनावटीची माझदा एमएक्स-५ हे याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेत ‘मियाटा’ आणि जपानमध्ये प्रारंभी ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेलेली ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. आरंभी तिला १.६ लिटरचे इंजिन होते, १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे आले. पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालले. सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये तयार झाली. भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. येथील रस्त्यांवर माझदा हे नाव दिसले ते ‘स्वराज माझदा’च्या छोट्या मालट्रकांवर आणि बसगाड्यांवर.

निदानाच्या दोन पद्धती

या गाडीत निदानाच्या दोन वेगवेगळ्या पिढ्या एकत्र नांदतात, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही प्रमाणित निदानप्रणाली बंधनकारक झाली. त्यामुळे तेथील १९९६ व १९९७ च्या एमएक्स-५ मध्ये डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे जोडणीस्थान मिळते आणि कोणताही सर्वसाधारण स्कॅनर त्यावर चालतो. भारतात चारचाकी गाड्यांना हीच प्रणाली एप्रिल २०१३ पासून लागू झाली, म्हणून येथील गॅरेजमध्ये स्कॅनर आता नेहमीचा झाला आहे. १९९५ पर्यंतच्या एमएक्स-५ पुढे मात्र तो निरुपयोगी ठरतो. त्या गाडीचे निदान तारेच्या एका तुकड्याने होते.

बॉनेट उघडल्यावर ‘डायग्नोसिस’ असे लिहिलेली काळी छोटी पेटी दिसते. तिच्या झाकणाच्या आतील बाजूस प्रत्येक टोकाचे नाव छापलेले असते. चावी बंद असताना ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही दोन टोके तारेने जोडावीत आणि मग इंजिन सुरू न करता चावी ‘ऑन’ स्थितीत न्यावी. दिवा उघडझाप करू लागतो. लांब उघडझाप दशकाची, आखूड उघडझाप एककाची. एक लांब आणि पाच आखूड म्हणजे क्रमांक १५. एकापेक्षा अधिक नोंदी असतील, तर त्या मध्ये विराम घेत एकापाठोपाठ येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कागद-पेन्सिल घेऊन दोनदा मोजणे शहाणपणाचे. टोकांची नावे वाचल्याशिवाय तार खुपसणे मात्र टाळावे. चुकीच्या जोडणीने संगणकच बिघडू शकतो, आणि तो भाग आता सहजी मिळत नाही.

काही देशांत विकलेल्या गाड्यांत हा दिवाच नव्हता. तेथे त्याच पेटीतील ‘बी+’ आणि ‘एफईएन’ या टोकांमध्ये छोटा एलईडी दिवा जोडून त्याची उघडझाप वाचतात.

क्रमांक काय सांगतो

०२ आणि ०३ हे क्रमांक इंजिनाच्या फिरण्याची स्थिती सांगणाऱ्या संकेतांशी निगडित आहेत. ०८ हवेच्या प्रवाहाच्या मापकाचा, ०९ पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा, १२ थ्रॉटलच्या स्थितीचा, २६ पेट्रोलची वाफ वाहून नेणाऱ्या झडपेचा आणि ३४ इंजिनाची संथ गती राखणाऱ्या झडपेचा. यांतील बहुतेक क्रमांक विद्युतमंडल तुटल्याचे किंवा संकेत हरवल्याचे सांगतात. म्हणून भाग मागवण्याआधी त्याचा कनेक्टर काढून हिरवट गंज, सैल पिना आणि तापून ठिसूळ झालेली तार पाहावी. नंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. तापमानाच्या सेन्सरचा विद्युतरोध २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असावा. गरम पाण्याच्या भांड्यात तो बुडवून घरीही तपासता येतो.

सर्वाधिक फसवे क्रमांक १५ आणि १७ होत. दोन्ही धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवतात, आणि बहुतेक मालक तो सेन्सर लगेच बदलून टाकतात. कधीकधी ते योग्यही असते, कारण हा सेन्सर वापराने खरोखरच झिजतो. निरोगी सेन्सरचा विद्युतदाब इंजिन तापल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहतो. तो खालीच अडकून असेल, तर दोन शक्यता उरतात: सेन्सर मेला आहे, किंवा सेन्सर खरे बोलतो आहे आणि इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा खरोखरच जास्त जात आहे. दुसऱ्या शक्यतेत नवा सेन्सरही तेच सांगणार.

१.६ लिटरच्या गाडीत हवेचे मापन झुलत्या पडद्याच्या मापकाने होते. मापकापुढे थ्रॉटलपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतो. त्या भेगेतून आत शिरणारी हवा मोजली जात नाही आणि संगणक त्या प्रमाणात पेट्रोल कमी सोडतो. भेग बहुधा पाइपाच्या चुण्यांमध्ये लपलेली असते, म्हणून पाइप वाकवून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. इंजिनाच्या पोटातील वायू नळीवाटे पुन्हा हवेच्या मार्गात ओढले जात असल्याने तेल भरण्याचे सैल झाकण किंवा नीट न बसलेली तेल तपासण्याची पट्टीही हाच परिणाम घडवते. संथ चालणाऱ्या इंजिनाचे तेलाचे झाकण उघडताच ते अडखळले पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर गळती आधीपासूनच कोठेतरी आहे, असा संशय घ्यायला जागा असते. काही रुपयांचे रबरी वायसर आणि काही हजारांचा सेन्सर यांतील निवड या अर्ध्या मिनिटाच्या तपासणीवर ठरू शकते.

गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग मारते’ अशी तक्रार असेल, तर प्लगच्या तारांकडे पाहावे. या इंजिनात त्या लवकर थकतात. झाकणाचे पॅकिंग गळून प्लगच्या विहिरीत तेल साचले असेल तर अधिकच. गंमत म्हणजे १९९५ पर्यंतच्या गाडीचा संगणक ठिणगी चुकल्याची स्वतंत्र नोंद करीत नाही. न जळलेला प्राणवायू धुराड्यात पोहोचतो आणि दोष पुन्हा ऑक्सिजन सेन्सरच्या माथी येतो.

ओबीडी-२ असलेल्या गाड्या

येथे नोंदी अधिक स्पष्ट असतात. पी ०३०१ ते पी ०३०४ हे क्रमांक ठिणगी चुकणाऱ्या सिलिंडरचे नावच सांगतात, पी ०१७१ मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे, तर पी ०४२० धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अशक्त झाल्याचे. शेवटचा क्रमांक पाहून कन्व्हर्टर बदलण्याआधी धुराड्याच्या सांध्यांतील गळती तपासावी, कारण बाहेरची हवा आत शिरल्यास सेन्सरची फसगत होते. पी ०१७१ साठी स्कॅनरवरील इंधन-दुरुस्तीचा आकडा उपयोगी पडतो. संथ गतीवर तो बराच वाढलेला आणि २,५०० फेऱ्यांवर शून्याकडे आलेला असेल, तर हवेची गळती समजावी. वेग वाढवल्यावर आकडा वाढत असेल, तर पंप, फिल्टर किंवा हवेचा मापक संशयित ठरतो.

या गाड्यांत चालताना दिवा सतत न राहता लुकलुकू लागला, तर ठिणगी इतकी चुकते आहे की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरला तापवून जाळू शकते. तेव्हा अॅक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू बाजूला घेणे आवश्यक असते.

दिवा विझवणे आणि दुरुस्त करणे

कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना ठरावीक मुदतीने धूरचाचणी द्यावी लागते आणि दिवा पेटलेला असल्यास गाडी नापास होते. ब्रिटनमध्ये १ जुलै २००३ नंतर प्रथम वापरात आलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी असाच नियम मे २०१८ पासून आहे. त्यामुळे दिवा कसाही करून विझवण्याचा मोह होतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच चावी ‘ऑन’ केल्यावर हा दिवा क्षणभर लागतो का, हे पाहावे. न लागल्यास बल्ब जळालेला असतो किंवा कोणीतरी काढून ठेवलेला असतो.

दुरुस्तीनंतर जुन्या पद्धतीच्या गाडीतील नोंद पुसण्यासाठी बॅटरीची ऋण तार काढून ब्रेकचे पेडल सुमारे वीस सेकंद दाबून धरतात. या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीत असते. नोंद पुसण्याआधी क्रमांक लिहून ठेवावा. ओबीडी-२ गाडीत बॅटरी काढल्यास संगणकाने पूर्ण केलेल्या अंतर्गत चाचण्याही पुसल्या जातात आणि त्या पुन्हा होईपर्यंत काही दिवस गाडी चालवावी लागते, अन्यथा धूरचाचणी केंद्रातून ती परत पाठवली जाते. दोष खरोखर दूर झाला असेल, तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, आणि इंजिन चाळीस वेळा थंड होऊन तापल्यावर नोंदही संगणकातून निघून जाते.