खडकावरची वाटी

गुडघ्यावरच्या गोल हाडाला आपण वाटी म्हणतो, डॉक्टर ‘पटेला’ म्हणतात. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहानशी थाळी. स्पेनचा ‘पाएया’ भातही याच घराण्यातला. भांड्याचं नाव भाताला लागलं. खडकावर पालथी वाटी घालावी तशा बसणाऱ्या एका शंखवर्गीय प्राण्यालाही शास्त्रज्ञांनी तेच नाव दिलं. रोमनांना थाळी दिसली, आपल्याला वाटी. भांड्यांच्या फडताळापलीकडे कोणीच गेलं नाही.

इंग्रजांचं लक्ष मात्र आकाराकडे नव्हतं, पकडीकडे होतं. त्यांनी या प्राण्याला दिलेलं ‘लिंपेट’ हे नाव ऐकलं की मराठी कान ‘लिंपणे’कडे वळतो, पण हे साम्य नादापुरतंच. मूळ आहे मध्ययुगीन लॅटिनमधला ‘लाम्प्रेडा’, म्हणजे तोंडाने चिकटून राहणारा लॅम्प्रे मासा. चिवट पकड म्हटली की आपल्याला घोरपड आठवते, तसा त्यांना हा मासा आठवला.

हवाई बेटांवर या प्राण्याला ‘ओपिही’ म्हणतात. तिथल्या तीन जाती जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. त्यांतल्या पिवळ्या पायाच्या जातीचं स्थानिक नाव ‘आलिनालिना’, शास्त्रीय नाव ‘सेलाना सँडविचेन्सिस’. १७७८ मध्ये कॅप्टन कुकने या बेटांना अर्ल ऑफ सँडविचचं नाव दिलं. बेटांनी ते कधीच टाकून दिलं, ओपिहीला मात्र ते चिकटलं ते चिकटलंच. दोन पावांमधल्या सँडविचचा आणि या प्राण्याचा नामदाता एकच!

हवाईयन लोक ओपिहीला ‘ईआ माके’ म्हणतात. ‘ईआ’ म्हणजे मासा, पण आपल्या ‘मासळी’त कोळंबी आणि तिसऱ्या येतात तसा ‘ईआ’तही समुद्रातला कुठलाही जीव येतो. ‘माके’ म्हणजे मरण. मरणाची मासळी! ओपिही विषारी नाही, उलट आवडीने खाल्ली जाते. पण ती राहते लाटा फुटतात त्या निसरड्या खडकांवर, आणि काढताना समुद्राकडे पाठ फिरवली की पुढची लाट माणसाला ओढून नेते.

हल्ली तिथे सव्वा इंचापेक्षा लहान कवचाची ओपिही काढायला कायद्याने मनाई आहे. जुन्या शब्दाने माणसाला सावध केलं होतं. आता माणसापासून वाचवण्यासाठी ओपिहीच्या बाजूने बोलायला कायदा लागतो. ‘माके’ दोन्हीकडून खरा ठरला.