मुंबईचा टोपीबाजार

एकोणिसाव्या शतकात मुंबईचा प्रतिष्ठित पुरुष बोडक्या डोक्याने घराबाहेर पडत नसे. ब्राह्मणाची पगडी, पाठारे प्रभूंची निराळ्या घडणीची पगडी, पारशांची उंच, कडक पघडी, कोळ्यांची लाल टोपी, घाटावरच्या माणसाचे पागोटे अशी डोक्यावरूनच जात, धर्म आणि मुलूख यांची ओळख पटे. पगडी बांधणे हा पगडबंदांचा धंदा होता. साच्यावर लांब, अरुंद कापडाचे पीळ एकावर एक बसवून ते टाक्यांनी पक्के केले जात. पगडी मळली की ती उसवायची आणि पुन्हा बांधून घ्यायची. कचेऱ्यांतल्या नोकरदाराला हा खटाटोप परवडेनासा झाला, तशी तयार टोपीची मागणी वाढली. आत अस्तर, कपाळाशी घाम टिपणारी पट्टी, वर काळे मखमल किंवा बनात अशी ती टोपी दुकानात डोक्यावर घालून, मापाची पाहून घेता येई.

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव अनंत शिवाजी देसाई यांचे. ते मूळचे कुडाळ तालुक्यातील वालावलचे. मोतीबाजारातील त्यांच्या पेढीने टोप्यांवर एवढे नाव कमावले की ‘टोपीवाले’ हेच घराण्याचे आडनाव होऊन बसले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील देवादिकांची चित्रेही ही पेढी विकी. घरोघरी भिंतीवर लागलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तळाशी देसायांचे नाव आणि मोतीबाजाराचा पत्ता छापलेला सापडतो. टोप्यांतून उभा राहिलेला पैसा पुढे शिक्षणाकडे वळला. मालवणचे टोपीवाला हायस्कूल आणि नायर रुग्णालयाला जोडलेले टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय या घराण्याचे नाव आजही चालवतात. एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या व्यापाराने शहराला याहून मोठे काही दिल्याचे उदाहरण सहसा मिळत नाही.

साहेबी हॅटची बाजारपेठ कोटात, म्हणजे फोर्ट भागात होती. हॉर्नबी रोडवर व्हाइटवे लेडलॉ आणि काळ्या घोड्यापाशी आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स या भव्य दुकानांत इंग्रजी कपडालत्ता मिळे. शोला या पाणथळीतल्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बनवलेली, वर खाकी कापड चढवलेली सोला हॅट ही उन्हात फिरणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याची खूण होती. वाकोला, कलिना अशा साष्टीतील गावठाणांत राहणाऱ्या शिकलेल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती पुरुषांच्या कोट-पाटलोणीबरोबरही हॅट रुळली.

असहकाराच्या काळात, 1920च्या सुमारास, पांढरी खादीची टोपी आली आणि या बाजाराचा पायाच हलला. ती घालणाऱ्याची जात कळत नव्हती, पक्ष मात्र लांबून कळे. तिला साचा नको, अस्तर नको, कारागीरही नको. कापडाचे थोडके तुकडे जोडून ती घरीच शिवता येई, घडी करून खिशात ठेवता येई आणि इतर कपड्यांबरोबर धुता येई. टोपीला खास दुकानाचीच गरज उरली नाही. व्हाइटवे लेडलॉच्या त्याच इमारतीत 1946 साली खादी भांडार सुरू झाले. स्वदेशीचा विजय त्या रस्त्यावर याहून ठळक दुसरा दिसत नाही.

त्यानंतरच्या पिढीने टोपीच उतरवली. कॉलेजात आणि कचेरीत उघड्या डोक्याने वावरणे रूढ झाले, आणि दुकानदार शर्टाच्या किंवा तयार कपड्यांच्या धंद्याकडे वळले. पगडी आणि फेटा लग्नात, सत्कारात उरले. पुणेरी पगडीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तयार टोपीच्या व्यापाराची अशी दखल कोणी घेतलेली नाही. रोजच्या कामात पांढरी टोपी सक्तीने घालणारा मुंबईतला मोठा वर्ग आज एकच आहे, तो म्हणजे 1890पासून चालत आलेल्या धंद्यातले डबेवाले.