डी व्हॅलेरा : मार्गदर्शक तत्त्वांमागचा आयरिश नेता

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एक ओळ हमखास असते : मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या घटनेवरून घेतली. आपण ती पाठ करतो आणि पुढे जातो. मग कुणी ‘तुमचे संविधान परदेशातून उचललेले आहे’ असे म्हणाले की आपण अडखळतो. म्हणून ती आयरिश घटना घडवणारा नेता कोण होता, आपल्या घटना समितीने त्यातले काय घेतले आणि काय सोडले, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

फाशीच्या शिक्षेपासून सत्तेपर्यंत

इमॉन डी व्हॅलेरा यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई आयरिश होती. दोन वर्षांचे असताना त्यांना आयर्लंडला पाठवले गेले आणि लिमरिक परगण्यातील ब्रुरी या खेड्यात ते आजोळी वाढले. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले. आयरिश भाषेच्या चळवळीतून ते राजकारणात आले.

१९१६ च्या ईस्टर उठावात डब्लिनमधील एका तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. ब्रिटिशांनी त्यांना देहदंड ठोठावला. नंतर तो जन्मठेपेत बदलला. १९१७ मध्ये सुटका होताच ते निवडून आले आणि शिन फेन पक्षाचे अध्यक्ष झाले. १९१८ च्या निवडणुकीत या पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. लंडनच्या संसदेत न जाता त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची लोकसभा भरवली.

डिसेंबर १९२१ च्या ब्रिटनबरोबरच्या कराराला डी व्हॅलेरा यांनी विरोध केला, कारण त्यात राजनिष्ठेची शपथ होती. सभागृहाने करार ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर केला. त्यानंतर कालचे सहकारी यादवी युद्धात समोरासमोर उभे राहिले आणि डी व्हॅलेरा यांची बाजू हरली. १९२६ मध्ये त्यांनी फियाना फॉइल हा पक्ष काढला आणि १९३२ मध्ये मतपेटीतून सत्ता मिळवली. बंदुकीने जे साधले नाही ते त्यांनी कायद्याने केले : १९३३ मध्ये ती शपथच रद्द झाली.

१९३७ ची घटना

त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली नवी घटना जनतेने १ जुलै १९३७ रोजी मतदानाने स्वीकारली. सरकारच्या प्रमुखाला ‘टीशॉक’ हे आयरिश नाव याच घटनेने दिले. डी व्हॅलेरा १९४८ पर्यंत सलग सत्तेवर होते. पुढे १९५१ ते ५४ आणि १९५७ ते ५९ या काळात ते पुन्हा टीशॉक झाले, तर १९५९ ते ७३ राष्ट्राध्यक्ष होते. २९ ऑगस्ट १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

काय घेतले, काय सोडले

आयरिश घटनेच्या कलम ४५ मध्ये सामाजिक धोरणाची तत्त्वे आहेत. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताचे होईल असे वाटले जावे, हे त्यातले एक. आपल्या कलम ३९(ख) मध्ये तेच तत्त्व दिसते. मात्र आयरिश कलम ही तत्त्वे केवळ संसदेच्या मार्गदर्शनासाठी ठेवते. आपले कलम ३७ पुढे जाते : न्यायालयातून अंमलबजावणी होत नसली तरी ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि ती लागू करणे राज्याचे कर्तव्य आहे. कलम ४६ मधील अनुसूचित जाती-जमातींचा खास उल्लेख तर आपल्याच समाजाच्या गरजेतून आला.

आयर्लंडच्या घटनेने कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिले होते. ते १९७२ च्या सार्वमताने काढले गेले. स्त्रीचे स्थान घरात मानणारे कलम ४१.२ मात्र २०२४ चे सार्वमत फसल्याने आजही कायम आहे. आपल्या संविधानात या दोन्ही गोष्टींना जागा मिळाली नाही.

आजचा प्रश्न

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आयर्लंडचा उल्लेख स्वतःच केला होता. त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. त्यांची मूळ भूमिका तर याहून पुढची होती : ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ (१९४७) मध्ये त्यांनी आर्थिक रचनाच घटनेच्या कायद्याने बांधून टाकायला सांगितले होते. ते झाले नाही. तरीही याच भाषणात त्यांनी बजावले की, ही तत्त्वे मोडणाऱ्या सरकारला न्यायालयात नाही, तरी निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावाच लागेल.

मोफत शिक्षण हे आधी असेच एक तत्त्व होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटासाठी तो मूलभूत हक्क झाला. म्हणजे ही कलमे निव्वळ शोभेची नाहीत, पण जाब विचारणारे हवेत. पुढच्या प्रचारसभेत उमेदवार भेटला, तर आपल्या वस्तीपुरते कलम ४६ चे काय केले, एवढे त्याला जरूर विचारा.